तुझा बरोबर हाय

मामीच्या चाळिसाव्याला मी भर माजघरात खालाला, म्हणजे माझ्या मावशीला, खोटं पाडलं. आज मी 'खोटं पाडलं' असं म्हणते. त्या दुपारी वाटलं होतं, एक बारीकशी दुरुस्ती केली.

मे महिना होता. वेसवीला जेट्टीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, गाडी चढवून मी सकाळीच बागमांडल्याला उतरले होते. आजोळ तिथून पुढे, समुद्राच्या अंगाला. घरात लोबानचा वास, त्यावर परसातल्या पिकल्या फणसाचा वास, आणि वीज गेल्यामुळे दोन्ही वास जागच्या जागी उभे. बायका भिंतीला पाठ लावून सिपारे, म्हणजे कुराणाचे भाग, वाचत होत्या. ज्यांचं वाचून झालं त्या चिंचोक्यांवर कलमा मोजत होत्या. एका ढिगातून दुसऱ्या ढिगात पडणाऱ्या चिंचोक्यांचा तो टकटक आवाज मला लहानपणापासून मयताच्या घराचा आवाज वाटत आलाय. मागीलदारी सांदणांची पहिली वाफ निघाली होती. दुआ व्हायची असते, जेवणाला अवकाश असतो, अशा वेळी बायका हळूहळू बोलायला लागतात आणि गेलेल्या माणसावरून गोष्ट जिवंत माणसांवर येते.

त्या दिवशी ती माझ्या भाचीवर आली. पाठीच्या दुखण्याने पोर बेजार झाली होती. शेजारच्या काकूंनी तिला चार आसनं शिकवली आणि तिला बरं वाटू लागलं, एवढंच. पण बरीच वर्षं आखातात काढून आलेली आमची एक नातलग म्हणाली, हे असलं आपल्यात चालत नाही. भाचीचं तोंड उतरलं. ती मान खाली घालून चिंचोके मोजू लागली, तेही चुकत. तेवढ्यात कोपऱ्यातून खाला बोलली. "हिकमतीची गोष्ट म्हंजे मोमिनाची हरवलेली चीज गो. जिथं गावंल तिथनं उचलायची. हुजूर फरमावतात." शहाणपणाची गोष्ट ही श्रद्धावंताची हरवलेली वस्तू; हे हुजुरांचं, म्हणजे पैगंबरांचं वचन, हदीस, म्हणून सांगतात. माजघर गप्प झालं. भाचीने मान वर केली.

आणि मी, दापोलीत तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलेली बाई, निवृत्तीनंतर तफसीरची, म्हणजे कुराणाचा अर्थ उलगडणारी, पुस्तकं जमवून बसलेली, मला राहवलं नाही. म्हटलं, "खाला, ती हदीस नाही धरत. ती जईफ आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. आखातवाली म्हणाली, "बघा!" भाचीची मान परत खाली गेली. खालाने चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी मिटली.

"तुझा बरोबर हाय गो," ती म्हणाली. "जईफच."

माझं बरोबर होतंच. ही हदीस तिर्मिझींनी त्यांच्या हदीससंग्रहात नोंदवली आहे आणि तिथेच स्वतः लिहून ठेवलंय की तिचा एक रावी कच्चा आहे. सांगणाऱ्यांच्या साखळीत एक कडी कच्ची निघाली की हदीस जईफ ठरते, म्हणजे कमकुवत. हे सगळं मला पाठ होतं. संध्याकाळी परतीच्या जेट्टीत गाडीतून उतरून मी कठड्याला टेकले. खाडीवर ओहोटीचा चिखलाचा वास होता, बाणकोटच्या किल्ल्यामागे ऊन उतरत होतं, आणि एकदम ते हसू मला कळलं. जईफ! मुहद्दिसांच्या, म्हणजे हदीस पारखणाऱ्यांच्या, भाषेत तो कमकुवत हदीसचा शब्द. घरातल्या भाषेत जईफ म्हणजे म्हातारं, हातपाय थकलेलं माणूस. जुन्या मराठीतही तोच अर्थ आहे; जईफ झाल्यामुळे चाकरी होत नाही, असं अर्जात लिहीत. हदीस बाईलिंगी, खालाही बाईच. बारा-पंधरा बायकांसमोर, तिच्याकडे बोट केल्यासारखं, मी म्हणाले होते, ती जईफ आहे.

तिने कुठला अर्थ घेतला, कोण जाणे. दोन्ही घेतले असतील.

खाला अम्मीची चुलतबहीण. अब्बा बोटीवर असायचे म्हणून आम्ही भावंडं सातवीपर्यंत आजोळी वाढलो आणि सगळ्यांना अरबी वाचायला खालाने शिकवलं. फजरच्या नमाजनंतर तिच्या पडवीत आम्ही आठ-दहा पोरं, मांडीवर कायदा. मराठीत कायदा म्हटलं की कोर्ट आठवतं. आमच्याकडे कायदा म्हणजे अलिफ-बे शिकायचं पातळ पुस्तक. तो संपला की सिपारा. खालाला अरबी समजत नसे. अक्षर जुळवून, जेर-जबरच्या स्वरखुणा सांभाळून, गळ्यातले उच्चार अचूक काढून ती वाचत असे, पण अर्थ तिच्याकडे वेगळ्या वाटेने आला होता. वडिलांनी मोठ्याने वाचलेल्या उर्दू तर्जुम्यातून, वाजमधून म्हणजे प्रवचनांतून, आणि बराचसा तिच्या आईकडून. त्यात कुराणातला लुकमान या शहाण्या माणसाचा अध्याय, लुकमानची सूरा, तिची फार लाडकी. लुकमान पोराला सांगतो ते ती आम्हालाच सांगितल्यासारखं सांगे. मोहरीच्या दाण्याएवढं काही केलंस आणि ते खडकाच्या पोटात लपवलंस तरी अल्लाह ते बाहेर काढील. लोकांपुढे गाल फुगवू नको. चाल नीट ठेव. आवाज खाली ठेव, सगळ्यात वाईट आवाज गाढवाचा. या शेवटच्या आयतीला आम्ही सगळे गाढवासारखे ओरडायचो आणि मग छडी.

तिच्या गोष्टीही असत. धन्याने लुकमानला सांगितलं, बकरी काप आणि तिच्यातले सगळ्यात चांगले दोन तुकडे आण. त्याने जीभ आणि काळीज आणलं. दुसऱ्या दिवशी धनी म्हणाला, आता सगळ्यात वाईट दोन तुकडे आण. त्याने परत जीभ आणि काळीजच आणलं. ही गोष्ट जुन्या तफसीरांत आहे, कुराणात नाही, हे मला पुढे कळलं. लुकमान हबशी होता असंही त्याच तफसीरांत येतं. हबशी म्हटल्यावर आम्हाला एकच ठिकाण माहीत. जंजिऱ्याचे सिद्दी हबशी आणि आमचं श्रीवर्धन जंजिरा संस्थानातलं, म्हणून लुकमान इथलाच, राजपुरीच्या होडीतून उतरून येणारा कोणी काळा, उंच म्हातारा, असं मी नवव्या वर्षापर्यंत धरून चालले होते. अजूनही सूरा वाचताना मला वाळवंट दिसत नाही, खाडी दिसते.

शाळेत मात्र घोटाळा झाला. पाचवीत निबंधात मी लिहिलं, 'अल्लाहने लुकमानला हिकमत दिली.' बाईंनी खाली लाल रेघ मारून समासात लिहिलं, 'युक्ती?' मी वही घेऊन घरी रडत आले. मराठीत हिकमती माणूस म्हणजे आमचा मामू. मचव्याचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं तर काथ्या, साबणाची वडी आणि शिव्या यांच्या जोरावर ते चालू करून बंदर गाठणारा. हिकमत लढवणारा. थोडा लबाडसुद्धा, मासळीच्या वाटणीत त्याची हिकमत कशी चाले ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुराणातला तो भारदस्त शब्द अरबस्तानातून फारसीच्या नि दरबाराच्या वाटेने आमच्या किनाऱ्यापर्यंत येताना असा हलका होऊन आला. त्याच मुळातून हुकूम आला, हाकिम आला, नाडी बघणारा हकीम आला. अरबी कोशकार हे मूळ आवरण्यापाशी नेऊन पोचवतात: घोड्याच्या तोंडात अडकवायच्या लगामाच्या कडियाळ्यालाही याच मुळातला शब्द आहे. आमच्याकडे घोडे कुठले! पण बैलाची वेसण मी पाहिलीय. मामूही त्या दृष्टीने अगदीच काही हिकमतीबाहेरचा नव्हता. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावर लाट फुटत असली की तो इंजिन मंद करून नुसता थांबायचा. मागच्या होड्या ओरडायच्या, आतले खलाशी चुळबुळायचे, मामू लाटा मोजत बसायचा.

जेट्टीवरच्या त्या संध्याकाळनंतर मी याच एका शब्दाच्या मागे लागले. लाज वाटली की मी वाचायला बसते, ही माझी जुनी खोड.

कुराणात 'किताब आणि हिकमत' अशी जोडी पुन्हा पुन्हा येते. रसूल, म्हणजे पैगंबर, लोकांना किताब आणि हिकमत शिकवतो. किताब म्हणजे कुराण, हे सरळ आहे. मग 'आणि'च्या पुढचं काय? इमाम शाफिईंनी बाराशे वर्षांपूर्वी त्याचं उत्तर दिलं: हिकमत म्हणजे रसूलांची सुन्नत. अल्लाहने किताबनंतर वेगळा शब्द घातला, तर वस्तूही वेगळी असणार, आणि कुराणाशेजारी बसू शकेल अशी वस्तू रसूलांच्या वागण्याबोलण्याशिवाय दुसरी कोणती? आम्ही कोकणी मुसलमान शाफिईच. घाटावरचे आमचे बहुतेक भाईबंद हनफी. आमचा मजहब, म्हणजे धर्मशास्त्राचा पंथ, अरबी गलबतांबरोबर किनाऱ्याने आला. तेव्हा हे उत्तर म्हणजे आमच्या घरचं उत्तर. त्यात एक मेख आहे. हिकमत म्हणजे सुन्नत आणि सुन्नत कळते हदीसमधून, मग हदीस पारखणं हेच हिकमतीच्या दाराशी बसलेलं काम झालं. माझ्या दुरुस्तीला इमामसाहेबांचा आधार होता, असं मी स्वतःला दोन दिवस समजावलं.

तिसऱ्या दिवशी मुहंमद अब्दुहूंनी ते मोडलं. हे इजिप्तचे, १९०५ साली वारले. अझहर विद्यापीठात ते कुराणावर व्याख्यानं देत आणि त्यांचे शिष्य रशीद रिझा टिपणं काढून ती आपल्या मासिकात छापत. 'ज्याला हिकमत मिळाली त्याला फार मोठं भलं मिळालं' ही 'अल-बकरा' नावाच्या सूरेतली आयत आहे. तिथे त्यांच्या तफसीरमध्ये जे आलंय त्याचा मतलब असा: हिकमत म्हणजे खरं ज्ञान, पण जिवात मुरलेलं, माणसाच्या इच्छेवर हुकूम चालवणारं आणि तिला कामाकडे वळवणारं. मी ते वाक्य तीनदा वाचलं. माझं ज्ञान खरं होतं. पण त्या दुपारी माझ्या इच्छेवर त्याचा काडीचा हुकूम चालत नव्हता. उलट इच्छेनेच ज्ञानाला हाताशी धरून वापरलं. इच्छा कसली, तर मला येतं हे दाखवायची.

आपल्या बाजूला, आझमगढकडच्या हमीदुद्दीन फराहींनी आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने शाफिईंचं म्हणणं मान्य केलं नाही. त्यांचं बोट शब्दांवर असतं. अहजाब सूरेत रसूलांच्या बायकांना सांगितलंय: तुमच्या घरांत अल्लाहच्या ज्या आयती आणि जी हिकमत वाचली जाते ती ध्यानात ठेवा. वाचली जाते, म्हणजे तिलावत. तिलावत तर कुराणाची होते. आणि इस्रा सूरेत आईबापांशी कसं वागावं, हात गळ्याशी बांधून ठेवू नये नि अगदी मोकळाही सोडू नये, माप पुरतं द्यावं, जमिनीवर तोऱ्यात चालू नये, असं एकामागून एक सांगून झाल्यावर म्हटलंय, हे तुझ्या रबने तुला पाठवलेल्या हिकमतीतलं. तेव्हा हिकमत बाहेर शोधायला नको, ती कुराणाच्या आतच आहे, असं त्यांचं म्हणणं. याच परंपरेतले जावेद अहमद गामिदी किताब म्हणजे शरीअतचा कायदा आणि हिकमत म्हणजे ईमान नि अखलाक, श्रद्धा नि नीती, अशी वाटणी करतात. वाटणी सुबक आहे. मला जरा जास्तच सुबक वाटते. माप पुरतं द्यावं हा कायदा की अखलाक? मासळीच्या लिलावात उभं राहून कुणी ही रेघ ओढून दाखवावी.

आणि एक बाई आहेत. आयशा अब्दुर्रहमान, १९१३चा जन्म, नाईलच्या मुखाशी दमिएत्ता गावच्या. वडील कडक धार्मिक, मुलीचं नाव छापून आलेलं त्यांना खपलं नसतं, म्हणून त्या टोपणनावाने लिहीत: बिन्तुश्शाती, किनाऱ्याची लेक. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते. त्यांनी कुराणातल्या काही सूरांची तफसीर लिहिली ती एका हट्टाने: कुराणात दोन शब्द कधीच एका अर्थाचे नसतात. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. मराठी शिकवणाऱ्या बाईला हा हट्ट लगेच पटतो. त्यांच्या नियमाने पाहिलं तर इल्म म्हणजे ज्ञान आणि हिकमत हे दोन शब्द आहेत म्हणजे त्या दोन गोष्टीच आहेत, आणि मी त्या एक धरून चालले होते.

'तुमच्या घरांत.' या दोन शब्दांपाशी मी बरेच दिवस घुटमळले. हिकमत वाचली जायची ती जागा मिंबर, मशिदीतला खुतब्याचा चौथरा, म्हटलेली नाही. घरं म्हटलंय, आणि सांगणं बायकांना आहे. मला पडवी आठवत राहिली.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे सगळं नुसतं पश्चात्तापाचं रडगाणं होईल. खालाला वाचता येतं, लिहिता येत नाही. बँकेत ती अंगठा देते. मुलींना वाचायला शिकवा पण लिहायला शिकवू नका, पुढे चिठ्ठ्या लिहितील, असं तिच्या लहानपणी सर्रास मानत, आणि त्याला हदीसचा आधार देत. मोठमोठ्या मुहद्दिसांनी ती हदीस मनगढंत ठरवलेली आहे. ती मनगढंत आहे हे त्या वेळी आमच्या गावात कुणी उभं राहून सांगितलं असतं, तर ज्या बाईने शंभरावर पोरांना अक्षर ओळखायला लावलं तिला स्वतःचं नाव लिहिता आलं असतं. मी हदीसची पारख शिकले ती या रागातून. 'जईफ' हा शब्द मी हत्यारासारखा जवळ बाळगला, आणि पोरींची शिक्षणं अडवणाऱ्यांवर तो चालवला तेव्हा मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. मग मी गप्प बसायला हवं होतं का? वाक्य चांगलं आहे म्हणून कच्ची साखळी चालवून घ्यायची, तर वाईट वाक्यांच्या कच्च्या साखळ्या कुठल्या तोंडाने तोडायच्या? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. फक्त एवढं दिसतं की त्या दुपारी हत्यार तेच होतं आणि पुढे मात्र खाला होती, आणि तिच्यामागे आडोशाला भाची.

निसर्ग वादळ आलं तेव्हाची एक गोष्ट भाचीनेच मला फोनवर सांगितली. ३ जून २०२०. दुपारपर्यंत वाडी आडवी झाली होती. पोफळी मोडून एकमेकींवर पडलेल्या, नारळ मुळासकट उपटलेले, कौलं शेजारच्या विहिरीत. दोन-तीन दिवसांनी लोक जमले, तेव्हा कोणीतरी म्हणालं, हा आपल्या गुनाहांचा अजाब. दुसऱ्याने आयत सांगितली, तिसऱ्याने तिचा वेगळा अर्थ. खाला कोयता घेऊन पडलेल्या पोफळीवर बसली होती. म्हणाली, "काकूंची वाट बंद झालीय, आधी ती मोकळी करा. मग बोला." भाची म्हणाली, तेव्हा आम्हाला राग आला होता तिचा, काय आज्जी, दीनची गोष्ट चाललीय आणि ही फांद्या तोडायला सांगते.

नारळी पौर्णिमेच्या आसपास मी परत गेले. खाडी गढूळ, फुगलेली, जेट्टीचा पत्रा ओला. येताना खालासाठी दापोलीहून ओव्याची बिस्किटं घेतली होती आणि मनात चार वाक्यं जुळवली होती. वाडीत वादळानंतर लावलेल्या पोफळी आता माणसाच्या वर गेल्यात. पडवीत खाला तिच्या जागेवर होती, चष्मा लावलेला, समोर कुणाचीतरी सहा-सात वर्षांची नात मांडीवर कायदा घेऊन. मी सलाम केला, तिने सलाम घेतला आणि बोटाने 'बस' म्हणून सांगितलं. सबक चालू असताना मधे बोललेलं तिला पहिल्यापासून खपत नाही.

पोरगी एका अक्षरावर अडकली होती. तिच्या वर्गातल्या कोळ्याच्या मुलाने तिला ते अक्षर होडीसारखं दिसतं आणि खालचा नुक्ता म्हणजे नांगर, असं सांगितलं होतं, म्हणून ती त्याला 'होडीचा बे' म्हणत होती आणि असं म्हटलेलं चालतं की नाही याची तिला धास्ती होती. खाला हसली. म्हणाली, "चालतंय की. हिकमतीची गोष्ट मोमिनाची हरवलेली चीज. जिथं गावंल तिथनं उचलायची." मग जराशी थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. "मोठी माणसं सांगतात," ती म्हणाली.

"कोण मोठी माणसं?" पोरीने विचारलं.

खालाने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "ती मास्तरीण बसलीय ना, तिला इचार."

पोरगी कायद्यात बोट तसंच ठेवून माझ्याकडे वळली.